खोलीच्या मापाची मेणबत्ती: एका रूढ कोष्टकाचा प्रतिवाद

सुगंधी मेणबत्ती घेताना खोलीवरून तिचे माप ठरवण्याचे एक कोष्टक आता सर्वत्र रूढ झाले आहे. दुकानदार ते तोंडपाठ सांगतो, खोक्यांवर ते छापलेले असते, दिवाळीच्या भेटवस्तूंच्या याद्यांतही ते येते. बाथरूमला ७० ते १०० ग्रॅम, बेडरूमला २०० ग्रॅमच्या आसपास आणि हॉलला ४०० ग्रॅमची, जमल्यास तीन वातींची. खोली जितकी मोठी तितकी मेणबत्ती जड, एवढेच त्यामागचे सूत्र. ते लक्षात ठेवायला सोपे आहे आणि दोन्ही बाजूंनी चुकलेले आहे. मेणबत्तीच्या वजनावरून ती किती तास जळेल ते कळते, वास किती सुटेल ते कळत नाही. खोलीच्या चौरस फुटांवरून तिथे किती सामान मावेल ते कळते, वास किती टिकेल ते कळत नाही. या कोष्टकाच्या भरवशावर ग्राहक जास्त पैसे देतो, आणि लहान बंद खोलीत नको तेवढी उष्णता व काजळी साठवून घेतो.

मेणबत्तीचा वास कुठून येतो, हे आधी पाहिले पाहिजे. ज्योतीच्या उष्णतेने तिच्याभोवतीचे मेण वितळते, ते वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ आणि १८६०-६१ या हिवाळ्यांत मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानमालांत ही सारी क्रिया एका मेणबत्तीच्या आधाराने उलगडून दाखवली होती. सुगंधी मेणबत्तीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. वातीतून ज्योतीत गेलेले सुगंधी तेल बरेचसे जळून जाते. खोलीत पसरतो तो मुख्यतः ज्योतीभोवती साचलेल्या पातळ मेणाच्या पृष्ठभागावरून उडणारा सुगंध. मेणबत्त्या बनवणारे या तळ्याला ‘मेल्ट पूल’ म्हणतात. तळे किती रुंद आणि किती गरम, यावर त्या घटकेचा वास ठरतो. तळ्याखालचे घट्ट मेण तेव्हा काहीच करत नसते, ते पुढच्या दिवसांची शिदोरी असते.

समईचा उजेड तिच्यात तेल किती आहे यावर ठरत नाही, किती वाती लावल्या यावर ठरतो. तेलावर ठरते ते ती किती वेळ तेवेल एवढेच. मेणबत्तीच्या वासाचा हिशेबही याच जातीचा आहे, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या आकड्यांवरून तो ताडून पाहता येतो. पॅरिसच्या दिप्तिक या जुन्या घराण्याची नेहमीची मेणबत्ती १९० ग्रॅमची, जळण्याचा वेळ सुमारे ६० तास. तिची धाकटी ७० ग्रॅमची, वेळ सुमारे ३० तास. भागाकार केला तर मोठी तासाला ३.२ ग्रॅम मेण खर्च करते आणि लहान २.३ ग्रॅम. वजन पावणेतीन पट, तासाचा खर्च दीडपटही नाही.

अमेरिकेतल्या यँकी कँडलच्या भरण्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मोठी भरणी ६२३ ग्रॅमची असून ती ११० ते १५० तास जळते, म्हणजे तासाला ४.२ ते ५.७ ग्रॅम. मधली ४११ ग्रॅमची भरणी ६५ तासांच्या पुढे चालते, म्हणजे तासाला फार तर ६.३ ग्रॅम. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, फरक उंचीचा आहे. ‘हॉलसाठी मोठी भरणी घ्या’ असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला जास्त तास विकतो. जास्त वास त्यात कुठेच नाही. आता बाथ अँड बॉडी वर्क्सची तीन वातींची मेणबत्ती पाहावी. तिचे वजनही नेमके ४११ ग्रॅम, पण कंपनी सांगते तो वेळ २५ ते ४५ तास. तासाला ९ ते १६ ग्रॅम. एकाच वजनाच्या दोन मेणबत्त्यांपैकी एक दुसरीच्या दीड ते अडीच पट वेगाने जळते, आणि कोष्टकाच्या लेखी मात्र त्या दोन्ही एकाच खोलीच्या.

यावर विक्रेत्यांचे एक उत्तर असते आणि ते अगदीच निराधार नाही. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत भरणी मोठी झाली की बहुधा तिचा व्यासही वाढतो. व्यास वाढला की वात जाड घालावी लागते, तळे रुंदावते आणि वास वाढतो. मग वजन हे मापाचे सोयीस्कर चिन्ह का मानू नये? कारण हे चिन्ह त्या मालिकेबाहेर निरुपयोगी आहे, आणि वरच्या उदाहरणांत दिसते तसे कधीकधी मालिकेच्या आतही चुकते. व्यास काम करतो तर व्यासच पाहावा. तळ्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते: ६ सेंटीमीटरच्या भरणीचे तळे सुमारे २८ चौरस सेंटीमीटरचे, ९ सेंटीमीटरच्या भरणीचे सुमारे ६४. उंचीने मात्र ते तसूभरही वाढत नाही. उंच अरुंद भरणी आणि बसकी रुंद भरणी एकाच वजनाच्या असल्या तरी खोलीत त्यांचे वागणे वेगळे असते.

कोष्टकाची दुसरी बाजू खोलीची. वास चौरस फुटांत पसरत नाही, घनफळात पसरतो, एवढी दुरुस्ती काही जाणकार सुचवतात. छताची उंची धरली पाहिजे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या वाड्यातल्या किंवा गिरगावातल्या जुन्या इमारतीतल्या १२ फुटी छताची खोली आणि नव्या फ्लॅटमधली ९ फुटी छताची खोली जमिनीवर सारख्या मापाच्या असल्या तरी त्यांच्या हवेत एक तृतीयांशाचा फरक असतो. पण ही दुरुस्ती पुरेशी नाही, कारण खोलीतली हवा तिथेच थांबून राहत नाही. ती सतत बदलत असते. मेणबत्ती दर तासाला काही मिलिग्रॅम सुगंध सोडते आणि बाहेर जाणारी हवा तो घेऊन जाते. येणारा आणि जाणारा सुगंध सारखा झाला की वासाची पातळी स्थिर होते. ही स्थिर पातळी ठरवणारी राशी एकच: तासाला किती घनमीटर हवा बदलते. खोली मोठी असली आणि हवेची ये-जा तेवढीच असली, तर शेवटी पातळी तीच येते, फक्त यायला उशीर लागतो.

आकड्यांत मांडले की या गोष्टीचे वजन कळते. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. मेणबत्ती तासाला ४ ग्रॅम जळते आणि तिच्यात ८ टक्के सुगंधी तेल आहे असे धरू. ते सगळे हवेत गेले तर तासाला ३२० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात काही भाग जळतो, म्हणून ही वरची मर्यादा समजावी. दारे-खिडक्या घट्ट बंद असताना तासाला अर्धी खोलीभर हवा बदलली, तर स्थिर पातळी घनमीटरला सुमारे १९ मिलिग्रॅम येते. खिडकी उघडी ठेवून तासाला सहा वेळा हवा बदलली, तर हीच पातळी दीड मिलिग्रॅमच्या थोडी वर उरते. फरक बारापट पडला. खोली दुप्पट मोठी केली आणि हवा बदलण्याचे प्रमाण तेच ठेवले, तर फरक फक्त दुप्पट पडतो. बारापट फरक पाडणारी खिडकी कोष्टकात कुठेच नाही आणि दुपटीचा फरक पाडणारे क्षेत्रफळ हाच त्याचा एकमेव आधार.

मराठी घरांच्या बाबतीत ही उणीव जास्त गंभीर ठरते. थंड देशांत हिवाळ्याचे महिने घराच्या खिडक्या मिटलेल्या असतात, आणि मेणबत्तीचा हंगामही तोच. तिथे सर्व खोल्यांची हवा साधारण सारख्याच संथपणे बदलते, त्यामुळे क्षेत्रफळावरून बांधलेला अंदाज निदान फार चुकत नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या घरात वर्षातले बहुतेक दिवस खिडक्या उघड्या असतात, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा आरपार जातो. त्याच घरातली एसी लावलेली बेडरूम मात्र रात्रभर बंद असते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. परिणामी एकाच फ्लॅटमध्ये हॉलची हवा तासाला अनेकदा बदलते आणि बेडरूमची जेमतेम. अशा बेडरूममध्ये २०० ग्रॅमची मेणबत्ती कोष्टकाप्रमाणे योग्य आणि प्रत्यक्षात बहुधा जास्त. वाऱ्याच्या हॉलमध्ये तीन वातींचीही व्यर्थ. तिथे मेणबत्ती मोठी करण्यापेक्षा वाऱ्याकडची खिडकी तासभर ओढून घेणे हा खरा उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

छताच्या पंख्याचा प्रश्न वेगळा आहे. पंखा हवा बदलत नाही, ढवळतो. वास कोपऱ्याकोपऱ्यात लवकर पोचवण्याचे काम तो चांगले करतो. पण ज्योतीला तो सोसत नाही. हवेच्या झोताने ज्योत हेलकावते, इंधन आणि हवा यांचा मेळ मोडतो आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भरणीच्या काचेवर आणि भिंतीवर बसतो. मेण एका बाजूने वितळते, दुसऱ्या बाजूने घट्ट राहते, म्हणजे तळे अर्धेच तयार होते. पंख्याखाली मोठी मेणबत्ती लावणाऱ्याला लहान मेणबत्तीचा वास आणि मोठ्या मेणबत्तीची काजळी मिळते. पाहुणे येण्यापूर्वी पंखा बंद ठेवून मेणबत्ती तासभर जळू द्यावी, मग ती विझवून पंखा लावावा. गरम मेण विझल्यावरही काही वेळ वास देत राहते आणि पंखा तो पसरवतो.

बाथरूमला लहान मेणबत्ती हा कोष्टकातला एकच सल्ला बरोबर निघतो, पण त्याचे दिलेले कारण चुकीचे आहे. ५ बाय ८ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये जेमतेम ९ घनमीटर हवा असते. तासाला २०० घनमीटर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा तिथे चालू असेल, तर ती हवा तासाला वीसहून अधिक वेळा बदलते. अशा ठिकाणी कोणत्याही मापाची मेणबत्ती टिकाव धरत नाही, खोली लहान असून काही उपयोग नाही. लहान मेणबत्तीचे खरे कारण वेळ हे आहे. बाथरूममध्ये मेणबत्ती वीस-तीस मिनिटेच जळते आणि तेवढ्या वेळात रुंद भरणीचे तळे काठापर्यंत पोचूच शकत नाही.

वेळेचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहायला हवा, कारण योग्य माप ठरवण्याची खरी किल्ली इथे आहे. मेणबत्ती बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम असा की, भरणीच्या व्यासाच्या दर इंचाला, म्हणजे अडीच सेंटीमीटरला, तळे काठाला लागायला एक तास लागतो. ५ सेंटीमीटरच्या भरणीला दोन तास, ७.५ सेंटीमीटरच्या भरणीला तीन. अनेक वातींच्या भरणीत हे लवकर होते, कारण तळी एकमेकांना मिळतात. दुसरीकडे, एका वेळी चार तासांहून जास्त जाळू नये अशी सूचना बहुतेक उत्पादक देतात. त्यानंतर वातीच्या टोकाला कार्बनचा गोळा धरतो, ज्योत उंच होते आणि भरणी तापते. एका वातीच्या १० सेंटीमीटरहून रुंद भरणीला म्हणूनच अडचण येते: तळे पूर्ण व्हायला लागणारा वेळ आणि सुरक्षित वेळेची मर्यादा एकमेकांना भिडतात. तळे काठाला लागण्यापूर्वीच मेणबत्ती वारंवार विझवली, तर वातीभोवती खोल भोक पडत जाते, कडेचे मेण तसेच राहते, आणि पुढे ज्योत त्या विहिरीत गुदमरते. पहिल्या वेळेला तळे काठापर्यंत पोचू देणे सर्वांत महत्त्वाचे, कारण नंतरची तळी बहुधा पहिल्याचीच कड धरतात. रोज संध्याकाळी तासभरच मेणबत्ती लावणाऱ्या घराने, हॉल केवढाही असला तरी, ४०० ग्रॅमची रुंद भरणी घेऊ नये. तिच्यातले निम्मे मेण वाया जाईल.

मोठ्या मेणबत्तीच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा पुढे येणारा युक्तिवाद अनुभवाचा असतो: लहान लावली, वासच येईना, म्हणून मोठी आणली. हा अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते. खोलीत बसलेल्या माणसाला वास कमी होत गेल्यासारखा वाटतो, तेव्हा हवेतली पातळी उलट वाढत असते. खात्री करायची असेल तर घराबाहेर दहा-पंधरा मिनिटे जाऊन परत यावे, उंबऱ्यातच वास कळतो. शिवाय वासाची जाणीव प्रमाणाच्या सरळ पटीत वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेल्या नियमाप्रमाणे जाणीव उद्दीपनाच्या एका घाताने वाढते, आणि वासासाठी तो घात एकाहून बराच कमी असतो. घात अर्धा धरला, तर हवेतला सुगंध दुप्पट झाल्यावर जाणीव फक्त १.४ पट होते. दुप्पट जाणवायला तो चौपट व्हावा लागतो. सरावलेल्या नाकाला खूश करण्यासाठी मेणबत्त्या मोठ्या करत जाणे ही न संपणारी शर्यत आहे, आणि तिचा त्रास आधी होतो तो घरातल्या दम्याच्या रुग्णाला आणि तान्ह्या बाळाला.

तीन वातींच्या मेणबत्तीबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. एक ग्रॅम पॅराफिन जळले की सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता आणि तीन ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तासाला १२ ग्रॅम जळणारी मेणबत्ती त्यामुळे सुमारे १४० वॅटची शेगडी ठरते, आणि तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला जवळपास तेवढाच वायू सोडतो आणि १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. एसी लावलेल्या बंद बेडरूममध्ये अशी मेणबत्ती लावणे म्हणजे हवेच्या दृष्टीने तिथे आणखी एक माणूस आणून बसवणे. त्यात काजळी आणि सुगंधी रसायनांची वाफ वेगळीच. भेट म्हणून मिळालेली तीन वातींची मेणबत्ती हवेशीर हॉलमध्ये, पंख्यापासून दूर लावावी. बेडरूम ही तिची जागा नव्हे.

मापाच्या या चर्चेत दोन गोष्टी कोष्टकवाले पूर्णपणे विसरतात. पहिली, सुगंधाची जात. लिंबूवर्गीय तेलांतले लिमोनीन १७६ अंशांच्या आसपास उकळते, ते चटकन उडते आणि चटकन विरते. चंदनातला सँटॅलॉल जड आहे, ३०० अंशांच्या आसपास उकळणारा, म्हणून चंदनाची मेणबत्ती सावकाश आणि मंद बोलते. मोगऱ्याचा किंवा केवड्याचा वास थोड्या प्रमाणातही खोली व्यापतो. ९ सेंटीमीटरच्या भरणीतले चंदन जिथे सुखद वाटेल, तिथे तेवढाच मोगरा डोके धरायला लावेल. दुसरी गोष्ट, मेण आणि त्यातले तेलाचे प्रमाण. हे प्रमाण साधारण ६ ते १० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. मेणाच्या सामावण्याच्या शक्तीपेक्षा जास्त तेल घातले तर ते पृष्ठभागावर घाम फुटल्यासारखे सुटते, वात तुंबते आणि वास उलट घटतो. पॅराफिन सुगंध सहज सोडते, सोया वॅक्स जरा धरून ठेवते आणि कमी तापमानाला वितळते. भरणीत ओतायच्या सोया वॅक्सचा द्रवणांक ५० अंशांच्या आसपास असतो, म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, उन्हाच्या खिडकीत ठेवलेली अशी मेणबत्ती न लावताच मऊ पडते. न पेटवलेल्या मेणबत्तीचा वास आणि पेटवल्यावर येणारा वास यांचा एकमेकांशी भरवशाचा संबंध नसतो. दुकानात झाकण उघडून नाकाला लावलेली मेणबत्ती हॉल भरेल की नाही, ते त्या क्षणी सांगता येत नाही.

मग माप ठरवायचे कसे? आधी तासांवरून. मेणबत्ती एका बैठकीत किती वेळ जळणार हे ठरवावे आणि तितक्या तासांत काठाला लागेल असा व्यास घ्यावा. अर्ध्या-एक तासासाठी टीलाइट, दोन तासांसाठी ५ सेंटीमीटरपर्यंतची लहान भरणी, अडीच-तीन तासांसाठी ६ ते ७.५ सेंटीमीटर. मग खोक्यावरच्या ग्रॅमना तासांनी भागून जळण्याचा वेग काढावा. बंद बेडरूमला तासाला दोन-तीन ग्रॅम पुरतात. खिडकी अर्धवट उघडी असलेल्या हॉलला पाच-सहा ग्रॅम लागतील. त्याहून वाऱ्याच्या जागेसाठी मेणबत्तीचा आग्रह सोडावा. स्वयंपाकघर आणि जेवणाचे टेबल या जागाही सुगंधी मेणबत्तीच्या नव्हेत. फोडणीचा वास घालवायला चिमणी आणि खिडकी आहे, आणि ताटातल्या अन्नाला स्वतःचा वास असतो.

लांबट किंवा एल आकाराच्या हॉलमध्ये एका मोठ्या भरणीपेक्षा दोन लहान मेणबत्त्या एकमेकींपासून लांब ठेवणे केव्हाही बरे. वेग तोच मिळतो, वास समान पसरतो, आणि नको झाला तर एक विझवता येते. मोठ्या मेणबत्तीची अर्धी ज्योत विझवण्याची सोय नसते. दोन्हींत सुगंध मात्र एकच असावा. वात प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी पाच-सहा मिलिमीटरवर कापावी, कारण लांब वातीची लहान मेणबत्ती नेटक्या मोठ्या मेणबत्तीपेक्षा जास्त काजळी करते. पडदे, देव्हाऱ्यातली सुकी फुले आणि मुलांचे हात यांपासून ती दूर हवी. तळाशी बोटाच्या पेराएवढे मेण उरले की ती पुन्हा पेटवू नये, भरणीचा तळ तडकू शकतो.

उत्पादकांना हे सारे ठाऊक असते. वातीची जाडी आणि भरणीचा व्यास जुळवण्यासाठी ते प्रत्येक मेणबत्ती जाळून आणि तोलून पाहतात, तासाचा वेग त्यांच्या वहीत नोंदलेला असतो. तो वेग आणि व्यास त्यांनी खोलीच्या चित्राऐवजी खोक्यावर छापावा. तोवर वजन, व्यास आणि जळण्याचे तास यांपैकी एखादी गोष्ट सांगायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून ग्राहकाने सुगंधी मेणबत्ती घेऊ नये.